थैलीवाल्याचं मैदान

इलाही शिंप्याचं डोकं फुटलं ते थैलीवाल्याचा धाकटा भाऊ मेला की जगला, यावरून.

"मेला," बाबगोंडा दूधवाला म्हणाला.

"जगलाय. येकदा दुपारचं येऊन बघ."

"मी रोज सांजचं येतोय. रोज मरतोय त्यो."

"मग सांजचं चुकतंय," इलाही म्हणाला, आणि बाबगोंडानं हातातली जॉयस्टिक त्याला फेकून मारली.

इलाही तिशीचा, दोन पोरांचा बाप, गावातल्या निम्म्या विजारी त्यानं शिवलेल्या. रक्त भुवईवरून नाकावर उतरलं तरी त्याला डॉक्टर नको होता, निकाल हवा होता. "सुकुमार, तूच सांग. तुला जपानी येतंय न्हवं? काय लिवलंय तितं?"

पडद्यावर बर्फात थैलीवाला उभा होता आणि त्याच्या पायाखालून जपानी अक्षरांची रांग सरकत होती. त्यातल्या एकाही अक्षराशी माझी ओळख नव्हती.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. हरोलवाडीच्या जुन्या तालमीत मी व्हिडिओ गेमचं पार्लर चालवायचो. शेवटचा पैलवान औद्योगिक वसाहतीत वॉचमन म्हणून गेला, तालीम ओस पडली, तेव्हा रंगराव वस्तादांनी ती मला वापरायला दिली. एकच अट घातली, मातीचा मान राखायचा. म्हणून टीव्ही आखाड्याच्या मधोमध फळीवर ठेवलेला असे. चपला बाहेर काढायच्या, चिमूटभर तांबडी माती कपाळाला लावायची आणि मगच बटणं दाबायला बसायचं. दुसऱ्या गावची पोरं हसायची, पण तीसुद्धा माती लावूनच बसायची.

माझ्याकडे यंत्र एकच होतं आणि खेळही एकच, त्याचे सहा भाग. मुंबईच्या बाजारात एकाच पिशवीत मिळाले होते. सहाही भागांत डोक्याला टोपी आणि पाठीवर थैली असलेला एक बुटका माणूस धावत असे. काहीतरी फेकत असे, उड्या मारत असे, आणि मधूनमधून पडदा थांबून जपानीत चार ओळी येत. लोक विचारायचे, काय म्हणतोय? आता गावभर बोभाटा असा की मगदुमांचा सुकुमार पुण्याला जाऊन जपानी शिकून आलाय. गेलो होतो हे खरं. अकरा दिवस होतो. दहापर्यंत आकडे आणि 'सुप्रभात' एवढं पदरात पडलं आणि खानावळीच्या आमटीला कंटाळून मी परत आलो. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक विचारत गेले, मी सांगत गेलो.

पहिल्या भागात थैलीवाल्याच्या बापाची गदा चोरीला जाते. दुसऱ्यात त्याची नवरी पाण्याखालच्या राक्षसानं पळवलेली असते. तिसऱ्यात तो मधमाश्यांच्या राणीशी लढतो आणि शेवटी तिला बहीण मानतो. पाचव्यात राजा होतो, सहाव्यात स्वतःच्या सावलीशी झुंजतो. आणि चौथ्यात तो बर्फातून धाकट्या भावाला शोधत जातो. सातव्या बर्फाच्या टप्प्यापुढं कुणीच पोचलेलं नव्हतं, त्यामुळं शेवट माझ्याच हातात होता. सांजच्या गर्दीला रडायला आवडायचं, म्हणून सांजचं मी धाकट्याला मारायचो. दुपारी दोनच गिऱ्हाईकं असत. एक इलाही, दुकान बंद करून आलेला, आणि दुसरे खुद्द वस्ताद. ते खेळायचे नाहीत, नुसते भिंतीला टेकून बघायचे. एके दुपारी त्यांनी विचारलं, "धाकटा मरत न्हाई न्हवं?" माझ्या तोंडातून गेलं, "न्हाई वस्ताद, जगतोय." तेव्हापासून दुपारी जगवत होतो. एकाच माणसाला दिवसातून एकदा जगवायचं आणि एकदा मारायचं, हे कधीतरी अंगाशी येणार हे शेंबड्या पोराला कळलं असतं. मला कळलं नाही.

इलाहीच्या कपाळाला तीन टाके पडले. गावात दोन तट झाले. मेल्याचे आणि जगल्याचे. मेल्याच्या तटातल्यांनी इलाहीकडे कपडे टाकायचं बंद केलं आणि जगल्याच्या तटातल्यांनी बाबगोंडाचं दूध. त्यातून तिसऱ्या भागाचे भक्त उठले आणि म्हणाले, हा चौथा काय घेऊन बसलाय, गोष्ट असावी तर मधमाश्यांची. मग पहिल्याचेही उठले. सरपंच हात जोडून वस्तादांकडे गेले आणि म्हणाले, सहांतली खरी चांगली कुठली ते तुम्हीच एकदा ठरवून टाका.

रंगराव वस्तादांनी आयुष्यात भांडणं मिटवली ती एकाच पद्धतीनं. ते म्हणाले, "बिरोबाच्या जत्रंला गोष्टींचं मैदान घ्यायचं. जोड लावायची. येक लंबर, दोन लंबर, आन् नारळावरची." नारळावरची म्हणजे सगळ्यात हलकी जोड, जिंकणाऱ्याला नुसता नारळ.

"वस्ताद, गोष्टींची जोड कशी लावायची?" मी विचारलं.

"वजनावर. दुसरं कशावर लावत्यात?"

गोष्टीचं वजन त्यांनी असं काढलं. मी आखाड्याच्या कडेला बसून गोष्ट सांगायची आणि वस्तादांनी मातीत जोर मारायचे. गोष्ट संपेपर्यंत जेवढे जोर होतील तेवढं तिचं वजन. वस्तादांचं वय सत्तर. पाचवी बावीस जोरांत संपली, सहावी चोवीस. पहिली आणि दुसरी तिशीच्या आसपास भरल्या. तिसरी एकेचाळीस. चौथी चालू असताना छत्तिसाव्या जोराला ते खाली गेले ते वर आलेच नाहीत. तोंड मातीत, हात पसरलेले. माझी पाचावर धारण बसली.

"वस्ताद?"

"दमलो," ते मातीतूनच म्हणाले. "चाळीस लिव."

उठल्यावर कपाळाची माती पुसत त्यांनी मला आणखी एक बातमी दिली. सूतगिरणीत नवी यंत्रं बसवायला जपानी इंजिनियर आले होते, आणि त्यांच्याबरोबर पुण्याची एक दुभाषी बाई. वस्ताद गिरणीच्या गेटवर स्वतः जाऊन तिला जत्रेचं आमंत्रण देऊन आले होते. "येक लंबरच्या कुस्तीला बाई पडद्यावरचं वाचून दाखवील. तू सांगितल्यालं आन् तिनं वाचल्यालं येक निघालं तर तालीम जन्मभर तुझी. खोटं निघालं तर मातीवरनं उतरायचं. ह्या मातीवर आजवर कुणी खोटं बोललं न्हाई, सुकुमार."

त्या आठ दिवसांत मी चार किलो उतरलो. आई म्हणाली, जपानी ताप असेल.

जत्रेच्या दिवशी दोन हजार माणसं जमली. कुस्त्यांना अलीकडे तीनशेसुद्धा यायची नाहीत. आखाड्यात मधोमध एकवीस इंची टीव्ही, त्यावर ऊन पडू नये म्हणून छत्री, कडेला जनरेटर. हलगी कडाडत होती. लांबच्यांना टीव्हीवर काही दिसत नव्हतं, तरी ते उठून जात नव्हते. वस्ताद कोल्हापुरी फेटा बांधून शिट्टी घेऊन उभे होते.

नारळावरची जोड पाचवी आणि सहावी. दोन्ही बाजूंचे दोन जण लंगोटावर आखाड्यात उतरले, दंड थोपटले, सलामी दिली आणि माईकवर आपापली गोष्ट सांगू लागले. पाचवीवाला दोन मिनिटांत अडकला. वस्तादांनी शिट्टी मारली. "हिच्यात माणूस नुसता बसतोय. चीतपट." दोन नंबरची जोड पहिली आणि दुसरी गोष्ट. ते दोघे इतके घाबरले होते की मध्येच एकानं दुसऱ्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्यानं त्याची. बापाची गदा पाण्याखाली गेली आणि नवरी चोरीला गेली. वीस मिनिटांनी वस्तादांनी ती बरोबरीत सोडवली आणि लोकांनी दोघांनाही खांद्यावर घेतलं.

इतक्यात गिरणीची जीप आली. मी धावत गेलो. जीपमधून पन्नाशीच्या एक बाई उतरल्या. जाड चष्मा, पदर कमरेला खोचलेला, पायात कापडी बूट. नाव मंजिरी बापट.

"बाई, एक विनंती होती," मी हळूच म्हणालो. "चौथ्या भागात एक भाऊ आहे. तो जगला किंवा मेला, यांपैकी काहीही म्हणालात तरी निम्मं गाव माझ्या बाजूनं राहील."

"आणि तिथे काय लिहिलंय?"

"ते मला माहीत नाही."

त्यांनी मला चपलेपासून भांगापर्यंत पाहिलं. "मी भाषांतराचा पगार घेते. दयेचा निराळा मिळत नाही," त्या म्हणाल्या आणि आखाड्याकडे चालू लागल्या. वस्तादांनी त्यांच्यापुढं मातीची चिमूट धरली. बाईंनी ती रुमालात बांधून पर्समध्ये ठेवली.

एक नंबरची जोड तिसरी आणि चौथी. तिसरी बाबगोंडानं सांगितली, चौथीकडून इलाही होता म्हणून, आणि चांगली सांगितली. मधमाश्यांच्या राणीनं राखी बांधली तिथं बायका डोळे पुसत होत्या. मग इलाही डोक्याला पट्टी बांधून टीव्हीसमोर मांडी घालून बसला, चौथा भाग सुरू झाला आणि बापटबाईंनी माईक हातात घेतला.

"पहिली पाटी," वस्ताद म्हणाले.

"टपाल कार्यालय, उत्तर विभाग," बाईंनी वाचलं. "कर्मचाऱ्यांनी टोपी घातल्याशिवाय बाहेर पडू नये."

जनरेटरचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"कुणाचं कार्यालय?" वस्तादांनी विचारलं.

"टपालाचं. हा पोस्टमन आहे."

"आन् थैलीत?"

"पत्रं."

"त्यो सुऱ्या फेकतोय त्या?"

"पत्रंच आहेत. दाराच्या फटीतून आत टाकतोय. आणि हे जे येतायत ते राक्षस नव्हेत, कुत्री आहेत. इथे स्पष्ट लिहिलंय, अंगणातल्या कुत्र्यांपासून सावध राहावे."

"मंजे सा म्हैनं आमी कुत्री मारली?" बाबगोंडाचा आवाज फुटला.

"मारली नाहीत. झोपवलीत. नीट बघा, शेपट्या हलतायत."

लोक टीव्हीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघू लागले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं म्हणतात, तसं वाटलं. पण खाली तालमीच्या पद्धतीनं तेल-ताक घालून मळलेली मऊ माती होती आणि ती काही दुभंगली नाही. वस्ताद मात्र माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी विचारलं, "बाई, आन् धाकटा भाऊ?"

"भाऊ कुणी नाही. शेवटचं पत्र ज्याच्या नावाचं आहे, तो माणूस. त्याचं घर डोंगरापलीकडे आहे."

इलाहीनं मागं वळून विचारलं, "थांबू का वस्ताद?"

"चालू दे," वस्ताद म्हणाले. "घरापत्तोर जाऊ दे त्याला."

सातवं बर्फ आजवर कुणी ओलांडलं नव्हतं. इलाहीनं त्या दिवशी ते ओलांडलं. काजं करणारी बोटं होती ती, एकदाही घसरली नाहीत. कुत्री झोपली, पूल आला, पूल गेला, आणि पडद्यावर एक छोटं घर आलं. थैलीवाला दारापुढं उभा राहिला. इलाहीनं बटण दाबलं. दार वाजलं. पुन्हा दाबलं, पुन्हा वाजलं. दार उघडलं नाही. खाली एक ओळ आली.

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि ओळ मनातल्या मनात दोनदा वाचली. "'घरी कोणी नाही. उद्या पुन्हा येईन.' आणि त्याखाली, 'समाप्त'."

"मेला न्हाई?" वस्तादांनी विचारलं.

"नाही."

"मग जगलाय?"

"तसंही लिहिलेलं नाही. घरी नव्हता, एवढंच."

वस्तादांच्या फेट्याचा शेमला वाऱ्यानं तोंडावर आला तो त्यांनी सारला नाही. मग ते म्हणाले, "घरात न्हवता म्हंजे कुठंतरी हाय."

त्यांनी शिट्टी मारली. "चौथी येक लंबर. सुकुमारची न्हवं, बाईंनी वाचल्याली. सुकुमारच्या साही गोष्टी नारळावर." आणि त्यांनी माझ्या हातात नारळ दिला. "उद्याच्याला माती मोकळी कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वायरी गुंडाळत होतो तेव्हा वस्ताद आले. भिंतीला टेकून नेहमीच्या जागी बसले आणि धोतराच्या सोग्यातून एक कागदाचा चिटोरा काढला. घडीवर फाटून त्याचे चार तुकडे झाले होते.

"मराठी लिवाय येतंय न्हवं? खरंखुरं?"

"येतंय वस्ताद."

मग त्यांनी सांगितलं. चौसष्ट सालच्या जत्रेत त्यांची जोड लागली होती ती धाकट्या भावाशी, तातोबाशी. कमिटीनं चुकून लावली, आणि दोघांपैकी कुणी नको म्हणालं नाही. वस्तादांनी त्याला दोन मिनिटांत आस्मान दाखवलं, आणि लोक हसले म्हणून परत एकदा उचलून आपटलं. शिट्टी झाल्यावर. तातोबा उठला आणि तसाच लंगोटावर मैदानातून चालत निघून गेला. पाच वर्षांनी कुणीतरी हा पत्ता आणून दिला, हुबळीच्या एका गिरणीच्या चाळीचा. थोरल्यानं आधी लिहायचं नसतं म्हणून वस्तादांनी लिहिलं नाही. एकोणतीस वर्षं चिटोरा सोग्यात होता.

मी कोरा कागद घेतला. "चूक झाली असं लिहू का?"

"पैलवान तसं लिवत न्हाईत." त्यांनी चिटोऱ्याचे चार तुकडे जमिनीवर जुळवले. "लिव, कमिटीनं निकाल बदललाय. चौसष्टची कुस्ती बरोबरीत सुटली. खाली माझं नाव. आन् पंच म्हणून पण माझंच नाव."

मी लिहिलं. वस्तादांनी ते मला दोनदा वाचायला लावलं, मी लिहिलंय तेच वाचतोय ना ते बघायला. मग मी टीव्ही डोक्यावर घेऊन मातीवरून उतरलो.

एकोणीस दिवसांनी दुपारी वस्ताद आमच्या घरी आले. आईनं पाट मांडला तरी बसले नाहीत. पाकीट परत आलं होतं. पत्त्यावर काट मारून पोस्टमननं निळ्या शाईत कन्नडमध्ये दोन ओळी लिहिल्या होत्या.

"वाच," वस्ताद म्हणाले.

माझं आजोळ चिकोडीकडचं. कन्नड मला जपानीसारखं नव्हे, खरोखर येतं. पहिली ओळ होती, हे गृहस्थ चार वर्षांपूर्वी वारले. दुसरी, मागे कोणी नाही. म्हणजे पंचवीस वर्षं तातोबा त्याच पत्त्यावर होता. दोनशे किलोमीटरवर. इतका वेळ होता, आणि चिटोरा सोग्यात होता. खोटं बोललो म्हणून या माणसानं मला मातीवरून उतरवलं होतं आणि त्यात त्याचं काहीच चुकलं नव्हतं. आता पुन्हा बोललो तर उतरायला काही उरलंच नव्हतं.

"इथं राहत नाहीत, असं लिहिलंय," मी म्हणालो.

"कुठं गेला?"

"ते लिहिलं नाही."

वस्तादांनी पाकीट परत घेतलं. त्या दोन ओळींवरून अंगठा फिरवला, सावकाश, एकदा इकडून आणि एकदा तिकडून.

"येवढं सांगाय दोन वळी लागत्यात व्हय कन्नडात?"

"लागतात वस्ताद. लांबडी भाषा आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मीही नजर काढली नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिलाही कन्नड वाचता येत होतं, आणि तिथून तिला पाकीट दिसत होतं. तिनं मांडलेला पाट उचलून आत नेला.

वस्तादांनी पाकिटाची घडी करून सोग्यात ठेवली. "सांजच्याला टीवी घिऊन ये माघारी. माती रिकामी पडलीया."

"व्हय."

ते उंबऱ्यापर्यंत गेले आणि थांबले. "सुकुमार, कुणी इचारलं तर आता ह्येच सांगायचं. दुपारचं ह्येच, आन् सांजचं बी ह्येच. बदलायचं न्हाई."

"नाही बदलणार," मी म्हणालो.

वस्ताद त्यानंतर नऊ वर्षं जगले. दर जत्रेला मला चारचौघांत तातोबाचं विचारायचे, आणि मी तेच सांगायचो.